बाबा, अळसांद्यावर एवढ्यात औषध मारू नका

फोंडा, १५ जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. न.

रविवारी मयेहून निघताना बाबा पंप धुताना दिसले, आणि बसमध्येही तेच डोक्यात घोळत राहिलं. फोनवर तुम्ही ‘बरं, बघू’ म्हणता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहिते आहे.

बाबा, अळसांद्यावर, म्हणजे आपल्या चवळीवर, रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा मावा आलाय हे खरंच. कोवळे शेंडे काळे दिसतायत. पण त्याच शेंड्यावरची जी काळपट, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची अळी तुम्ही बोटांत चिरडलीत, ती पान खाणारी नव्हती. ती ढालकिड्याची अळी. मोठी झाली की तोच तो लालसर, पाठीवर काळी नक्षी असलेला गोल किडा होतो, ज्याला आपण लहानपणी काडेपेटीत ठेवायचो. लहान असताना मीही अशा कितीतरी अळ्या मारल्या, आणि तुम्ही शाबासकी दिलीत. आता कॉलेजात मुलांना हाच धडा शिकवताना दरवेळी मला आपला मळा दिसतो.

पानाच्या खालच्या बाजूला उभ्या मांडलेल्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तोही त्याचाच. आपल्या हवेत अंड्यापासून किडा व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात एक अळी शेकडो मावा फस्त करते. पानावर बारीक देठाच्या टोकाला एकेक अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या त्या नाजूक हिरव्या किड्याचं. त्याची पिल्लं इतकी खादाड की एकमेकांनाही सोडत नाहीत, म्हणून अंडी अशी उंच, वेगवेगळी. फुगून तपकिरी झालेला, न हलणारा मावा दिसला तर त्याच्या पोटात गांधिलमाशीच्या जातीची एक बारीक माशी वाढते आहे, तोही राहू द्या.

आधी मावा येतो, मग त्याला खाणारे येतात. मधले हे काही दिवस धीराचे. माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं घालतात, त्यामुळे फवारणीतून थोडा जरी वाचला तरी तो पुन्हा भरभर वाढतो. ढालकिड्यांना मात्र परत यायला वेळ लागतो. गेल्या वर्षी तीनदा औषध मारूनही मावा परत का आला, याचं कारण मला तरी हेच वाटतं.

हे खूळ नवं नाही. १८८८ साली ऑस्ट्रेलियातून नेलेल्या एका ढालकिड्याने कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा वाचवल्या. १८९८ मध्ये आपल्याकडेही ऑस्ट्रेलियातूनच दुसरा ढालकिडा आणला, कॉफीवरच्या खवल्या किडीसाठी. तिथे तो फारसा उपयोगी पडला नाही, पण पिठ्या ढेकणांवर तो आजही वापरतात. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाने माखलेली, पिठ्यासारखीच दिसते. आई, परसातल्या जास्वंदीवर पांढरं काही दिसलं की झाडूने झाडण्याआधी जरा बघ, भराभर चालत असेल तर तिला राहू दे.

वांग्याचं मात्र वेगळं. शेंडा पोखरणारी अळी आत लपलेली असते, तिथे ढालकिडा काही करू शकत नाही. सुकलेले शेंडे आठवड्यातून दोनदा खुडून जाळायचे, आणि मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे लावायचे. सापळ्यांचं मी एलाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून येते.

आणि मुंग्या. त्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि ढालकिड्यांना हुसकावतात, म्हणून अळसांद्यावर मुंग्यांची रांग लागू देऊ नका. काजूवरचे हुमले, म्हणजे पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, मात्र ठेवा, ते काजूचा मोहोर करपवणाऱ्या ढेकण्याला पळवतात.

बांधावर थोडी कोथिंबीर आणि शेपू फुलोऱ्यावर येऊ द्या. माव्याला खाणाऱ्या काही किड्यांना मोठेपणी फुलांतला मध लागतो. फारच झालं तर काळे पडलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, पण त्या आधी त्यांच्यावर अळ्या नाहीत ना ते बघा.

बाबा, फवारलं की रात्रभर तुमचे डोळे चुरचुरतात, हे तुम्ही कधी सांगत नाही. आईने सांगितलं. मला पिकाइतकीच त्याचीही काळजी लागून राहिली आहे.

मी शनिवारी भिंग घेऊन येते. तोवर पंप कोठारातच राहू दे. आपण दोघं दहा झाडं मोजू, मावा किती आणि त्याला खाणारे किती, आणि मग काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
शमा