वर्म्स हेडच्या खडकांवर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. आपले नाव कुठेही छापू नये असे तुम्ही निघताना बजावले होते, म्हणून या पत्रात तुम्हाला नुसते काका म्हणते. त्या शनिवारी रॉसिलीच्या खडकांवर तुम्ही आमच्यासाठी जे केलेत, त्याबद्दल आभाराचे दोन धड शब्दही तेव्हा तोंडातून फुटले नाहीत. आता मन थाऱ्यावर आले आहे असे म्हणायचे, पण त्या दुपारचा विषय निघाला की अजून आवाज कापतो. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण परदेशी शिकायला येऊन सुट्टीच्या दिवशी समुद्र पाहायला निघणाऱ्या माझ्यासारख्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

त्यांच्यासाठी आधी जागेविषयी थोडे सांगायला हवे. वेल्समधील स्वॉन्झी शहराच्या पश्चिमेला गॉवर हे द्वीपकल्प आहे. विशेष निसर्गसौंदर्याचे क्षेत्र म्हणून ब्रिटनमध्ये सर्वांत आधी, १९५६ साली, जाहीर झाले ते हेच. त्याच्या पश्चिम टोकाला रॉसिलीचा लांबच लांब पुळणीचा किनारा आहे, १८८७ साली वादळात सापडून रुतलेल्या ‘हेल्व्हेशिया’ या नॉर्वेच्या जहाजाच्या लाकडी फासळ्या ओहोटीला तिथे आजही दिसतात, आणि तिथून जवळच समुद्रात घुसलेले वर्म्स हेड हे बेट आहे. किनारा आणि बेट यांच्यामध्ये आहे ती खडकांची पट्टी. पूर्ण ओहोटीच्या आधीचे अडीच तास आणि नंतरचे अडीच तास एवढाच काळ ती सुरक्षितपणे ओलांडता येते. मग ती पाण्याखाली जाते. ब्रिस्टल चॅनेल आत शिरताना नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते, त्यामुळे तिथल्या भरती-ओहोटीतील फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांमध्ये गणला जातो. हे सगळे नकाशात पाहून कळत नाही. नकाशात बेट किनाऱ्याला अगदी खेटून असते.

आम्हाला तिथे घेऊन जाणाऱ्याने यातले अवाक्षरही सांगितले नव्हते. विद्यार्थ्यांना स्वस्तात समुद्रकिनाऱ्याच्या सहली घडवणारे हे गृहस्थ गाडीतून उतरताना एवढेच म्हणाले, की चार वाजता वाहनतळावर हजर राहा, गाडी कोणासाठी थांबत नाही. सुदैवाने टेकडीच्या टोकावरील टेहळणी चौकीबाहेर त्या दिवशीच्या सुरक्षित वेळा लिहिलेला फलक होता. तो आम्ही नीट वाचला, त्याचा फोटो घेतला आणि बेटावर फार आत न शिरता पुरेसा वेळ हाताशी ठेवून परत फिरलो. तरीही शेवाळावरून मैत्रिणीचा पाय सरकला, दोन खडकांच्या फटीत अडकला आणि घोट्यातून असा मुरगळला की तिला तो टेकवता येईना. फोन केला तेव्हा सहलवाले म्हणाले की असल्या गोष्टी प्रत्येकाच्या स्वतःच्या जबाबदारीवर असतात, आणि गाडी चुकली तर टॅक्सी करून या. आमच्यातले दोघे ‘गाडी थांबवून ठेवतो’ असे सांगून पुढे गेले, ते गाडीतच बसून राहिले. आजूबाजूने परतणारी माणसे थबकत होती, हळहळत होती आणि ‘लवकर करा हं, पाणी येतंय’ असे सांगून पुढे जात होती. लवकर करा हे आम्हालाही कळत होते. कसे करायचे, ते सांगायला कोणी थांबत नव्हते.

अशा वेळी तुम्ही आलात. चौकीतला तुमचा पहारा नुकताच संपला होता आणि तुम्ही घरी निघाला होतात, हे मला मागाहून समजले. आल्या आल्या तुम्ही तिच्या पायाकडे पाहिलेत, पाण्याकडे पाहिलेत, तटरक्षकांना फोन करून परिस्थिती कळवून ठेवलीत आणि मग अगदी सावकाश, जणू बागेतल्या बाकावर बसावे तसे, तिच्या शेजारी बसलात. ‘वेळ आहे’ हे तुमचे पहिले शब्द. तोवर आमच्यापैकी कोणालाही ते शब्द सुचले नव्हते.

पुढे तुम्ही तिला कसे हलवलेत, कुठे बसून सरकायला लावलेत, कुठे आम्हा दोघांच्या खांद्यांवर भार टाकायला सांगितलेत, हे मी सविस्तर लिहीत बसत नाही. मला लिहायचे आहे ते घड्याळाविषयी.

माझी अवस्था तेव्हा वाईट होती. मी सतत डावीकडे-उजवीकडे पाहत होते, कारण त्या पट्टीला पाणी दोन्ही अंगांनी भिडते, आणि दर वेळी ते मघापेक्षा जवळ आल्यासारखे वाटत होते. मी काही बोलत नव्हते, पण माझा चेहरा मैत्रिणीला दिसत होता आणि तिचा धीर माझ्यामुळेच सुटत चालला होता. तुम्ही ते ओळखलेत. शांत राहा, घाबरू नकोस, असे काहीही न म्हणता तुम्ही स्वतःचे घड्याळ काढलेत आणि माझ्या जाकिटाच्या बाहीवरून मनगटावर बांधलेत. जुने, पांढऱ्या तबकडीचे, काचेवर चरे पडलेले घड्याळ होते ते. पट्टा माझ्या हाताला शेवटच्या भोकातही सैल होता, म्हणून तुम्ही त्याचे टोक दुमडून पुन्हा आत खोचलेत. एवढ्या घाईत ते टोक खोचायला तुम्हाला सवड होती! मग म्हणालात, ‘पाण्याकडे मी बघतो. तू याच्याकडे बघ. दर पाच मिनिटांनी वेळ सांग, आणि मोठ्याने सांग. तीन पस्तीसपर्यंतचा वेळ आपला आहे.’

काका, फोनवर वेळ मलाही दिसत होती आणि तुम्हालाही ती माहीत असणारच. त्या घड्याळाची गरज तुम्हाला नव्हती, ती मला होती, हे तुम्ही एका नजरेत ताडलेत आणि मला तसे जाणवूही दिले नाहीत. ‘दोन पन्नास’ असे मी ओरडले तेव्हा माझा आवाज चिरका निघाला, ‘दोन पंचावन्न’ला तो बरा होता, तीन वाजल्याचे सांगताना माझ्या लक्षात आले की मधल्या वेळात मी एकदाही समुद्राकडे पाहिलेले नाही. मैत्रीण तर माझ्या प्रत्येक हाकेला ‘ऐकलं’ असे उत्तर देऊ लागली होती. तीन दहाच्या सुमारास तिचा हात गवताला लागला. तिथे पोहोचल्यावरही तुम्ही मला पुन्हा एकदा वेळ विचारलीत, मी सांगितली, आणि मगच घड्याळ परत घेतलेत. काम पुरे झाल्याची ती पावती होती असे मी मानते.

वाटेत श्वास घ्यायला थांबलो असताना तुम्ही भरतीचा हिशेबही समजावून सांगितला होता. ओहोटीनंतर पाणी सारख्या वेगाने चढत नाही: ढोबळमानाने पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, आणि मग पुन्हा दोन व एक. तिसऱ्या तासात पाणी जोर धरते, म्हणून अडीच तासांनंतर त्या खडकांवर कोणी असू नये. ‘मघाशी तर पाणी लांब होतं’ असे म्हणत माणसे फसतात ती याचमुळे, आणि त्यातून काही जण पोहून पार होऊ पाहतात, हे त्याहून वाईट, असे तुम्ही म्हणालात. सहलवाल्यांना हे सांगायला एक मिनिटही लागले नसते.

घरी परतल्यावर तुमच्या चौकीविषयी वाचले. १९९४ साली कॉर्नवॉलमधील लिझर्डजवळ, टेहळणीचे ठाणे बंद करण्यात आल्यानंतर, दोन कोळी बुडाले. त्यातून स्वयंसेवकांनी किनाऱ्यावर पुन्हा पहारा देण्याची ही चळवळ उभी राहिली. समुद्रात जाऊन लोकांना वाचवणाऱ्या बोटींची संस्था तर १८२४ पासूनची, आणि तीही मुख्यतः देणग्यांवर व स्वयंसेवकांवर चालणारी. तुमच्याच किनाऱ्यावर, २३ एप्रिल १९४७ रोजी, ‘सॅमटॅम्पा’ या जहाजाच्या मदतीला गेलेल्या मम्बल्सच्या बोटीवरील आठही जण परत आले नाहीत. अशा किनाऱ्यावर कोणी बिनपगारी तासन् तास दुर्बीण घेऊन बसते आणि पहारा संपल्यावरही वाट वाकडी करून खडकांत उतरते, याला मी नुसता दयाळूपणा म्हणणार नाही. हळहळणारे वाटेत पुष्कळ भेटले होते आणि त्यांची मनेही वाईट नव्हती. तुम्ही मात्र अशा दुपारसाठी वर्षानुवर्षे तयारी करून ठेवली होती. कोणता खडक निसरडा आहे आणि घाबरलेल्या मुलीच्या हाती काय द्यावे, हे दोन्ही तुम्हाला पाठ होते.

मैत्रिणीचे हाड मोडलेले नव्हते. ती आता कुबडीशिवाय चालते आणि तुम्हाला नमस्कार कळवायला सांगते. जाता जाता एक गंमतही सांगते: दुसऱ्या दिवशी सहलवाल्यांचा निरोप आला की सहल कशी वाटली ते कळवा आणि पाचपैकी तारे द्या. आम्ही तारे दिले नाहीत. टेहळणी चौकीच्या फलकाचा फोटो तेवढा पाठवला, आणि पुढच्या खेपेला गाडीतून उतरण्यापूर्वी हा सर्वांना वाचून दाखवा, असे लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत चौकीच्या पत्त्यावर तुमच्यासाठी पाठवली आहे. सहलवाल्यांविषयीचा मजकूर तिच्यातून गाळला आहे, कारण त्या दिवशी मी त्यांना बोल लावू लागताच तुम्ही मला थांबवून वेळ विचारली होतीत.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी