बाटल्या नकोत, तास द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मुलींना ज्यूदो शिकवते. बावीस वर्षं झाली. कुठेतरी काही भयंकर घडलं की आमच्याकडे मागणी निघते, मुलींना पेपर स्प्रे वाटा. ८ मार्चला एखादे पुढारी खोकं घेऊन येतात, फोटो होतो, मुली बाटली घेऊन घरी जातात. हे वाटप सरकारी खर्चाने करायचा विचार कुणी तुमच्यापुढे ठेवला, तर कृपया त्यावर सही करू नका. एवढं सांगायला हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात एक खेळ घेतला. बाकं भिंतीला लावली. एकीच्या दप्तरात त्याच आकाराची, साध्या पाण्याने भरलेली फवाऱ्याची बाटली ठेवली. म्हटलं, मी दारातून चालत येणार, पळत नाही. माझा हात तुझ्या खांद्याला लागायच्या आत बाटली काढ आणि माझ्या तोंडावर मार. पहिलीची चेन अडकली. दुसरीची बाटली डब्याखाली गेलेली. तिसरीने वेळेत काढली, पण तोंड स्वतःकडे, ओढणी भिजली. चाळीस जणींत चौघींना जमलं. तेही दिवसाउजेडी, आधी सांगून, ओळखीच्या मॅडमसमोर. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली दाखवून दिलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आमच्या पोरींच्या कमरेला काही नसतं. दप्तराला मात्र तीन कप्पे असतात.

हत्यार दिलं की काम झालं, हा समज जुनाच आहे. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर मुंबईत बायकांना चाकू वाटले गेले. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात. समग्र शिक्षा अभियानातून शाळांना आत्मरक्षा प्रशिक्षणासाठी महिना ५,००० रुपयांप्रमाणे तीन महिन्यांचे पैसे मिळतात. म्हणजे त्या एका रिव्हॉल्व्हरच्या पैशात एका शाळेचं आठ वर्षांचं प्रशिक्षण निघतं.

आता मुख्य अडचण. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं तेच सांगतात: बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचा सर, लग्नाचं वचन दिलेला. यांच्यावर स्प्रे निघत नाही. हात बाटलीपर्यंत जाण्याआधी मनात ठरावं लागतं की हे जे चाललंय ते चूक आहे आणि मला ते थांबवायचा हक्क आहे. तिथेच गाडी अडते.

माझ्या वर्गात पहिला आठवडा फक्त आवाजाचा असतो. समोर बघून, पाय रोवून म्हणायचं, ‘मागे सरक.’ मुली हसतात, एकमेकींच्या आड लपतात. कबड्डीत मैदान दणाणून सोडणाऱ्या पोरीच्या तोंडून इथे आवाज फुटत नाही. एकदा सातवीतल्या एकीने विचारलं, ‘मॅडम, घरी आलेल्या पाहुण्याला असं म्हटलं तर आई मलाच नाही का मारणार?’ वर्ग गप्प झाला. त्या दिवशी एकही डाव शिकवला नाही, तास त्या प्रश्नावरच गेला. पुढच्या शनिवारी आयांना बोलावलं. निम्म्या आल्या. त्यातल्या दोघी मागे थांबून माझ्याशी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डाव शिकवायचे असतातच. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हिसका द्यायचा, कारण पकड तिथेच उघडी असते. हे समजायला दहा मिनिटं लागतात, अंगात मुरायला चार महिने. पण त्याच्या आधीचं जास्त महत्त्वाचं: अंतर ठेवणं, ‘का’ याचं उत्तर न देता ‘नाही’ म्हणणं, उद्धट दिसायची भीती सोडून तिथून निघून जाणं. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर याच तऱ्हेच्या प्रशिक्षणाचा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण फक्त बारा तासांचं. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला विरोध करताना मनात येणारा अडथळा पार करणं, आणि जोडीला थोडे हातपाय. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्या गटात ९.८ टक्के होतं, घेतलेल्या गटात ५.२. यात कुणाच्या हातात बाटली दिलेली नव्हती.

आमच्या मुलींची सहल २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखं बघायला गेली होती. सगळ्यांना ती लहान वाटली. मी म्हटलं, बरोबर आहे. भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी व्हावी हे आधी ठरलं होतं, अंगरख्याखाली चिलखत आधी चढलं होतं, जिवा महाला जवळ उभा होता. वाघनखांचं काम त्यानंतरचं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहून ठेवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट एसटी आगारात एका तरुणीवर बलात्कार झाल्याची घटना घडली. त्यानंतर, तिने आरडाओरडा का केला नाही, अशा अर्थाची भाषा जबाबदार लोकांच्या तोंडून ऐकू आली. भीतीने शरीर गोठतं, वाचा बसते. पंधरा वर्षं मॅटवर घालवलेल्या मुलीचीही बसू शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ सांगतं की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. ‘शाळेत शिकवलं होतं ना, मग?’ असा प्रश्न उद्या एखाद्या मुलीला पोलीस ठाण्यात विचारला जाणार असेल, तर मी आजच मॅट गुंडाळून ठेवते. आणि उलट बाजूची भीतीही मुलींना असते: आपण मारलं तर केस आपल्यावरच होईल. त्याच संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, मर्यादेसकट. माझ्या एका तासात ती समजावून होतात. ती कोणत्याच पाठ्यपुस्तकात सोप्या मराठीत का नसावीत, हे मला कळत नाही.

समग्र शिक्षातली ही प्रशिक्षणाची योजना वाईट नाही. सहावी ते बारावीच्या मुली, तीन महिने, झाशीच्या राणीचं नाव. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात एका शाळेने मला फेब्रुवारीच्या शेवटी बोलावलं. ‘मार्च एंड आहे मॅडम, उरकून घ्या.’ अकरा दिवस, रोज पाऊण तास, मैदानात दीडशे मुली, मी एकटी. शेवटच्या दिवशी ओळीत उभं करून ठोसे मारतानाचे फोटो, मग पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र. त्या मुलींपैकी एकीलाही मी नावाने ओळखत नव्हते. ज्या मुलीचं नाव आपल्याला माहीत नाही ती मामाबद्दल, सराबद्दल काय सांगणार? मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही, पैसेच तेव्हा आले होते.

म्हणून मागणी साधी आहे. आठवड्याला दोन तास वेळापत्रकात, वर्षभर. एका वेळी चाळीसच मुली. प्रशिक्षक शक्यतो बाई, आणि तिच्या मानधनाला तीन महिन्यांची कात्री नको. मुलांनाही आठवड्याला एक तास, ‘नाही’ ऐकून घ्यायची सवय लागावी म्हणून. वर्षातून दोनदा आयांची सभा. बाटल्यांसाठी काही रक्कम बाजूला ठेवली गेलीच, तर ती मॅटला वळवा. आमच्या शाळेत अजून सतरंजीवर पडायला शिकवते, कोपरं सोलवटतात.

आणि पैसे जूनमध्ये पाठवा.

आपली,
एक ज्यूदो प्रशिक्षक
जि. सातारा