आरोग्य केंद्राचा आराखडा : रविवारी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

गंगापूर रोडवरील आपल्या कॉलनीच्या नियोजित आरोग्य केंद्राचा आराखडा रविवारी सकाळी १० वाजता सभागृहात मांडला जाईल. आजी-आजोबांसोबत नातवंडांनाही जरूर आणा, त्यांचंही ऐकायचं आहे.

रॅम्पचा उतार १:१२ ठेवलाय, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. जागा जास्त जाते, पण इथे तडजोड नकोच. व्हीलचेअर, बाबागाडी, दुखरे गुडघे, सगळ्यांना तोच रस्ता. कठड्याला दोन दांड्या हव्यात; खालची मुलांच्या हाताला येईल अशी. दारं किमान ९०० मिमी रुंद. योगवर्ग आणि मुलांची खेळायची जागा एकाच अंगणाला लागून असावी, असा माझा आग्रह आहे.

बैठक तळमजल्यावर आहे. येणं जमणार नसेल त्यांनी सूचना शनिवारपर्यंत लिहून द्याव्यात.

– सचिव