वाळक्या फांद्याही उद्यानाचाच भाग

महोदय,

पावसाळ्यापूर्वीच्या वृक्षछाटणीत मुंबईच्या उद्यानांतील वाळक्या फांद्या सरसकट उतरवल्या जातात. पायवाटेवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु जिथे कोणाचा वावर नाही अशा कोपऱ्यातले वठलेले खोडही त्याच सपाट्यात जाते आणि त्याबरोबर तांबटाचे घरटेही. मुंबईचा शहरपक्षी म्हणून मान मिळालेला हा पक्षी मऊ पडलेल्या लाकडातच चोचीने ढोली कोरतो. तिचे गोल तोंड जेमतेम 5 सेंटिमीटरचे असते आणि फांदी तिरपी असेल तर ते बहुधा खालच्या अंगाला असते, त्यामुळे पावसाचे पाणी आत शिरत नाही. त्याची वीण उन्हाळ्याच्या आगेमागेच चालते. म्हणजे करवत फिरते तेव्हा आत पिल्ले असू शकतात. शिवाय दयाळासारख्या पक्ष्यांना ढोली हवी असते, पण ती स्वतः कोरता येत नाही.

स्वच्छतेच्या कल्पनेचाही फेरविचार व्हायला हवा. सातभाईंचा थवा पालापाचोळा उलथून किडे टिपतो, शिंपी झुडपांची पाने शिवून घरटे करतो आणि पावसाच्या तोंडावर स्थलांतरात शहरात उतरणारा नवरंग झुडपांखालच्या पाचोळ्यातच अन्न शोधतो. रोज झाडलेल्या जमिनीवर आणि कातरलेल्या हिरवळीवर यांपैकी कोणाचेच भागत नाही. तिथे कावळे, कबुतरे आणि साळुंक्या तेवढ्या उरतात.

जागा मोठीच हवी असे नाही. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान अवघे 37 एकरांचे, तेही एकेकाळच्या कचराभूमीवर उभे राहिलेले. तरीही उंच झाडे, वेली, झुडपे आणि पाचोळा असे सगळे थर तिथे राखल्यामुळे भर शहरात पक्ष्यांची विविधता टिकून आहे.

म्हणून उद्यान विभागाला विनंती आहे, की छाटणीपूर्वी पक्षीनिरीक्षकांना सोबत घेऊन प्रत्येक झाड पाहावे, ढोली असलेल्या फांद्यांवर खूण करावी आणि धोका नसेल तर त्या तशाच ठेवाव्यात. प्रत्येक उद्यानाचा निदान एक कोपरा न झाडता सोडावा. नवी लागवड करताना शोभेच्या झाडांऐवजी वड, पिंपळ आणि उंबर यांना प्राधान्य द्यावे, कारण तांबट, कोकीळ आणि बुलबुल यांचे पोट या फळांवर भरते. यासाठी फारसा जादा खर्च येणार नाही. छाटणीच्या कंत्राटात या अटी आधीच लिहाव्या लागतील, एवढेच.

एक वाचक, माटुंगा, मुंबई