कर नाही त्यालाही गप्प बसण्याचा हक्क आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस चौकशीबद्दल एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचलं. ‘कर नाही त्याला डर कशाला? मन साफ असेल तर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं, गप्प बसतो तो चोर,’ असा एकूण सूर होता. लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हा सल्ला आमच्या भागातल्या साध्या माणसांना फार महागात पडतो, म्हणून हे लिहिते आहे.

गप्प बसण्याचा हक्क ही कुणा वकिलानं शोधून काढलेली पळवाट नाही. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणत्याही माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडातच लिहिलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या, पोलीस तपासाची आणि फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८० पाहा. पोलिसांनी विचारलं तर खरं सांगायला माणूस बांधील आहे, पण ज्या उत्तरानं त्याच्यावरच फौजदारी आरोप येण्याचा संभव आहे, ते उत्तर द्यायला तो बांधील नाही. जुन्या कायद्यातल्या कलम १६१ मध्येही हेच होतं. म्हणजे निम्मी बाजू त्या वाचकांनी बरोबर मांडली, उरलेली निम्मी सोडून दिली.

ती उरलेली बाजू एका बाईनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ मध्ये कटकच्या दक्षता विभागाच्या पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची भली मोठी यादी हातात ठेवली गेली. त्यांनी उत्तरं द्यायचं नाकारलं, तर नकार दिला म्हणून त्यांच्यावर वेगळा खटला भरला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात स्पष्ट केलं की हा हक्क कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सुरू होत नाही, पोलिसांच्या चौकशीपासूनच तो माणसाच्या सोबत असतो. एका बाईला ठाण्यात बोलावलंच कसं, यावरही न्यायालयानं पोलिसांना सुनावलं. ज्या उत्तरांनी आपण अडकत नाही ती मात्र द्यायला हवीत, हेही त्याच निकालात आहे. सत्पथी मुख्यमंत्री राहिलेल्या, कायदा जाणणारे लोक हाताशी असलेल्या. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईकडे यातलं काय असतं?

आमच्या निपाणीजवळच्या गावात महिलांचा एक गट आहे. वर्षाकाठी भिशीचे पैसे वाटताना वाद झाला, कुणीतरी तक्रार दिली आणि वही सांभाळणाऱ्या बाईंना दुपारी फोन आला, ‘साहेबांनी बोलावलंय, या.’ लेखी काही नाही. त्या हातातलं सूप खाली ठेवून तशाच गेल्या. मीही मागून पोचले. बाकावर बसून दिवेलागण झाली. मग प्रश्न सुरू झाले. पैसे कुठं ठेवत होता, चावी कुणाकडं, नवरा काय करतो, मुलीच्या लग्नाला खर्च किती आला. त्यांना वाटलं, आपण खरं बोलतोय, मग लपवायचं कशाला? त्यामुळं न विचारलेलंही सांगत गेल्या. एका सणाला घरात अडचण होती म्हणून गटातले हजार रुपये चार दिवस वापरून परत ठेवले, हेसुद्धा त्यांनी आपणहून सांगितलं. समोरचे हवालदार मराठीत बोलत होते, लिहीत कानडीत होते. दोन पानं भरल्यावर कागद पुढं सरकवून म्हणाले, ‘इथं सही करा अक्का.’ तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांत पेन धरून बाईंनी कानडी ओळींखाली आपलं नाव मराठीत लिहिलं. वर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. पुढं वकिलांनी तो जबाब वाचला तेव्हा चार दिवसांचा उल्लेख त्यात नव्हता आणि परत ठेवल्याचाही नव्हता. ‘गटाची रक्कम स्वतःसाठी वापरली’ एवढं वाक्य मात्र होतं.

त्या बाईंचा कर नव्हता, म्हणूनच त्यांना डर नव्हती, आणि म्हणूनच त्या अडकल्या.

यातली किती पावलं मुळात चुकीची होती ते पाहा. साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो. बाईमाणसाला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला चौकशीसाठी घरापासून दूर बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यावं लागतं. कलम १७९ तसं सांगतं. (पुरुषांसाठी वयाची मर्यादा पूर्वी ६५ होती, नव्या संहितेत ती ६० झाली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) त्यांनी स्वखुशीनं यायचं म्हटलं तर येता येतं, पण फोनवर ‘या’ म्हणणं म्हणजे खुशी नव्हे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ती सहीची. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही, असं कलम १८१ बजावतं. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो, म्हणून ‘कबुली कोर्टात टिकत नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहणंही धोक्याचं.

कुठल्याच कागदावर सही करू नका, असं मी म्हणत नाही. आपण दिलेल्या फिर्यादीवर आपली सही लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. पंच म्हणून गेलात तर पंचनाम्यावर सही असते, नोटीस हातात पडली तर पोच द्यावी लागते. पण कोऱ्या कागदावर कधीच नाही, आणि न वाचता येणाऱ्या भाषेतल्या कागदावर तर मुळीच नाही. तसंच गप्प बसणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. आपलं नाव-पत्ता लपवू नये, त्यावरून अटकसुद्धा होऊ शकते. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने या हक्कात येत नाहीत, असं ११ न्यायाधीशांच्या पीठानं १९६१ मध्येच ठरवलं आहे. उलट नार्को चाचणी किंवा लाय डिटेक्टर माणसाच्या इच्छेविरुद्ध करता येत नाही, हा २०१० चा निकाल तर आपल्याच कर्नाटक राज्याविरुद्धच्या खटल्यातला आहे. अटक झाली तर चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ नसलं तरी.

आता भाषेचं. इथं भाषा म्हटलं की लगेच सीमाप्रश्नाचे झेंडे दिसू लागतात. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर माझी मतं आहेत, पण हे पत्र त्याबद्दल नाही. इचलकरंजीच्या मागावर राबणाऱ्या कानडी कामगाराचा जबाब तिथल्या ठाण्यात मराठीत लिहिला जात असेल, तर त्याची अवस्था आमच्या बाईंसारखीच होते. जो कागद आपल्याला कळत नाही, त्यात काय सांगायचं आणि कुठं थांबायचं हे माणूस ठरवणार कसं? नागपूरच्या एका स्थानबद्ध माणसाला फक्त हिंदी येत होतं आणि कारणं इंग्रजीत दिली गेली होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये ती स्थानबद्धता रद्द केली. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायलाच हवीत, असं त्याच न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. अटकेला जो नियम, तोच चौकशीच्या बाकावर बसलेल्या माणसाला का नको?

आमच्या ठाण्यांतले बरेच शिपाई मराठी उत्तम बोलतात, गणपतीत बंदोबस्ताला असले की मंडळाच्या पोरांशी गप्पाही मारतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही. पण वागणूक चांगली मिळणं हे नशिबावर सोडता येत नाही.

म्हणून बेळगाव जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि बेळगाव शहराच्या पोलीस आयुक्तांना माझी विनंती आहे. निपाणी, खानापूर, बेळगाव शहर आणि जिथं जिथं मराठी वस्ती आहे तिथल्या प्रत्येक ठाण्यात, चौकशीला बसवतात त्या खोलीत, कानडीसोबत मराठीतही फलक लावावा. स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं बंधनकारक नाही, जबाबावर सही लागत नाही, बाईला घराबाहेर बोलावता येत नाही, वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मदत मिळते, एवढा मजकूर पुरे. लिहून घेतलेला जबाब मराठीत समजावून सांगितल्याची नोंद प्रत्येक वेळी ठेवावी. याच मागणीचा अर्ज आमच्या गटानं मराठीत लिहून दिला आहे. तक्रार-निवारणासाठी राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० देतं, त्यामुळं ‘कानडीत आणा’ म्हणून तो परत पाठवता येणार नाही.

आणि ज्या वाचकांच्या पत्रामुळं मी लिहायला बसले, त्यांनी एकदा आमच्या गटाच्या बैठकीला जरूर यावं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मारुतीच्या देवळात बसतो. त्या बाईही असतात.

आपली,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)