वाडा विकण्याआधी

सांगली

प्रिय शैला,

मिरजेचा वाडा विकायचं घाटतंय असं तुझ्या वहिनीकडून कळलं. इसार घेण्याआधी माझं एवढं ऐक. तो वाडा बाहेरगावच्या कॅन्सरच्या पेशंटना राहायला आमच्या ट्रस्टला कराराने द्यावा, असं मला वाटतं.

मी मिरजेत कॅन्सरच्या पेशंटना डबे द्यायला जाते, हे तुला माहीत आहे. रेडिएशनला माणूस मशिनवर दहा-पंधरा मिनिटंच असतो, पण आठवड्यातून पाच दिवस, आणि असे पाच ते सात आठवडे. मध्ये खंड पडला तर गाठ पुन्हा उचल खाते, म्हणून डॉक्टर एकही दिवस चुकवू नका म्हणतात. सरकारच्या महात्मा फुले योजनेतून बऱ्याच जणांच्या उपचाराचा खर्च निघतो. पण यातले बरेच जण वॉर्डात दाखल नसतात. मग खाट नाही, जेवण नाही आणि खोलीचं भाडं खिशातून.

जतकडची एक बाई भेटली. नवऱ्याला गालाचा कॅन्सर. लॉजवर राहून शेळ्या विकलेले पैसे संपले, तशी म्हणाली, "ताई, आता गावाकडं नेते." जत इथून ८० किलोमीटरच्या आसपास. तोंड आतून सोललेलं, घोटभर पाणी उतरत नाही, अशा माणसानं रोज एसटीनं यायचं-जायचं? मशिन होतं, योजना मंजूर होती, नंबर लागलेला होता. पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून सगळं अर्ध्यावर राहणार होतं. आम्ही वर्गणी काढून खोली बघून दिली. पण अथणी, विजापूर, आटपाडीकडून माणसं येतच राहतात. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून मिरजेला लांबलांबचे पेशंट येतात. प्रत्येकासाठी वर्गणी कुठवर काढणार?

मुंबईत टाटाच्या पेशंटसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून काम करते. गाडगेबाबांनी देऊळ बांधलं नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, जिथं माणूस उघड्यावर पडतो तिथं धर्मशाळा बांधल्या. मला हे फार मोठं वाटतं गं.

तुमच्या वाड्यात चार-पाच कुटुंबं नीट राहतील. त्याहून जास्त नकोतच. केमोच्या औषधांनी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, अशा माणसाला गर्दीतला साधा तापही भारी पडतो. सोपा तळमजल्यावर आहे, जिना चढायला नको. एक कमोड बसवावा लागेल. आणि स्वयंपाकघर तर हवंच! तोंडाला रेडिएशन चालू असलं की खाणावळीचं तिखट जिभेला लावता येत नाही. मऊ भात, आंबील, मिक्सरमधून काढलेलं वरण, तेही दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं. त्याला बायकोच्या हाताशी शेगडी पाहिजे.

दान दे, असं मी म्हणत नाही. पाच वर्षांच्या कराराने दे. माणसं घुसून बसतील ही तुझ्या दादाची भीती रास्त आहे, म्हणून करार ट्रस्टच्या नावानं करू. आमची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीची कागदपत्रं तयार आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्यालाच खोली, सोबत घरचं एक माणूस, उपचार संपले की खोली रिकामी. घरपट्टी, लाइट बिल आणि डागडुजी आमच्याकडे.

दादाशी बोल. मी बोलले तर त्यांना भीड पडेल, तू बोललीस तर ते मोकळेपणानं हो किंवा नाही म्हणतील. गणपतीला येशील तेव्हा वकिलांना बोलावून ठेवते, कच्चा करार बघून घ्या. नाहीच जमलं तर लगेच कळव, म्हणजे आम्हाला दुसरी जागा शोधता येईल.

तुझी,
मंदा