जिभाऊ, त्या वहीसाठी

जिभाऊ, रामराम.

घरी येऊन बोललो असतो, पण तुमचे आभार चार लोकांसमोर मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

साक्री-नवापूर पट्ट्यातल्या ऊसतोड मजुरांवर मी इतकी वर्षं लिहितोय, त्याचा पाया तुम्ही घातलात. कारखान्यांना तोडणीचे मजूर पुरवायची मुकादमी सोडल्यावर तुम्ही जुनी वही माझ्यापुढे ठेवलीत. स्वतःच्या धंद्याचा हिशेब पत्रकाराच्या हाती कोण देतो? लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली वही. एकेका कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, एक पान. राबणार नवरा-बायको दोघं, अंगठा फक्त नवऱ्याचा. वर पावसाळ्यात दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, खाली हंगामातली ज्वारी, दवाखाना, त्यावर चढलेलं व्याज. टनाच्या भावानं झालेली मजुरी वजा केली तरी बाकी उरायचीच, आणि ती पुढच्या वर्षी पहिल्या ओळीत यायची. दिवाळी झाली की कोंडाईबारी घाट उतरून गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जाणारे भरगच्च ट्रक मी लहानपणापासून बघत होतो. ही माणसं दरवर्षी का जातात, ते त्या पानांवर कळलं.

एका ओळीवर तुमचं बोट थांबलं. पोरगी आजारी म्हणून कुणी मधेच पैसे उचलले होते. "हे व्याज लावायला नको होतं," एवढंच म्हणालात.

८ मे २०२० ला पहाटे औरंगाबादजवळच्या करमाडपाशी रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. भुसावळहून मध्य प्रदेशाची गाडी मिळेल या आशेवर जालन्याहून पायी निघालेले, म्हणजे आपल्या खान्देशाकडेच येत होते. त्या दिवशी तुमचा फोन आला: "त्यांचा ठेकेदार कोण ते विचार. नावं कुठं लिहिली ते विचार." १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराचा परवाना, मजुरांची नोंद, फोटो लावलेलं पासबुक, सगळं होतं. तरी त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहितीच नाही. तुमच्या वहीत तर कुणाची बायको उसाच्या कोणत्या फडावर बाळंत झाली तेही होतं, कारण त्या दिवसाचा खाडा धरला होता.

तेव्हापासून कुठल्याही फडावर गेलो की आधी वही मागतो. बहुतेक जण हाकलून देतात.

वही दाखवल्यावर बाकीच्या मुकादमांनी तुमच्याशी बोलणं टाकलं, लग्नाच्या पत्रिकाही बंद झाल्या. हे मला वहिनींनी सांगितलं, तुम्ही कधीच नाही. जिभाऊ, याची भरपाई माझ्यानं होणार नाही, पण हे लोकांना ठाऊक असायला हवं.

होळीला मजूर गावी येतील. त्यांचे हिशेब तपासून द्यायला आपल्याकडची दोन शिकलेली पोरं तयार झालीत. त्यांना घेऊन येतो. व्याज कुठं लपवतात, ते त्यांना तुम्हीच दाखवा.

तुमचा,
धाकटा भाऊ